खारवलेला तरवा आणि जीएची पुडी: खाजनातल्या एका शेताची केस

पार्श्वभूमी

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठाला एक गाव आहे. नाव मुद्दाम देत नाही, माणसांचीही नावं नाहीत, गाव छोटं आहे आणि मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) विषयावरून तिथे आधीच पुरेशी भांडणं आहेत. तिथल्या एका काकांचं खाजनात भातशेत आहे, वरचा, मधला आणि खालचा असे तीन तुकडे. कसतात काका-काकी, आणि अलीकडे नोकरी सांभाळून पुतण्या. माझा संबंध एवढाच की माझ्याकडे ईसी मीटर (पाण्याचा खारेपणा मोजणारा) आहे आणि शेतीचं थोडं शिक्षण झालंय, त्यामुळे असं काही झालं की फोन मला येतो.

खाजन ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली, बांध घालून राखलेली जमीन. बांधात मानस असते, म्हणजे फळ्यांचं दार, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून उघडतं. वीज नाही, मोटर नाही, फक्त फळ्या घट्ट बसलेल्या हव्यात. गोव्यात अशी जमीन साधारण १८ हजार हेक्टर धरतात, त्यातली आज खरंच किती पिकते तो विषय इथे काढत नाही. उन्हाळ्यात मातीतलं मीठ वर येऊन पांढरा थर धरतो, मृगाचा पाऊस पडला की ते विरघळतं, ओहोटीला बाहेर जातं, दोन-तीनदा असं धुऊन निघालं की मग पेरणी. ही पद्धत जुनी आहे आणि पाऊस वेळेवर असेल तर तिला कुठल्याही औषधाची गरज नाही.

आता बियाण्याचं. खाजनाचं खरं भात म्हणजे कोरगुट, उंच, कुसळवालं, मीठ सोसणारं, पण उत्पन्न कमी आणि वाऱ्याने लोळतं. काकांच्या वडिलांच्या काळात सगळीकडे तेच होतं. काका मात्र ज्योती लावतात कारण उकड्या तांदळाला ज्योती चालते, घरात सगळ्यांना तीच आवडते, आणि बियाणंही सहज मिळतं. ज्योती ही केरळातल्या पट्टांबीची जात, तिच्या आईबापांत एक आयआर-८ ही हरितक्रांतीतली बुटकी जात आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अडचण काय झाली

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला, जमीन धुतली गेली, आणि काकांनी वरच्या तुकड्यातच वाफे करून मोड आलेलं ज्योतीचं बी टाकलं. तरवा, म्हणजे लावणीसाठीची रोपं, छान उगवला. दोन-अडीच पानांवर असताना पाऊस गायब. नुसता कमी नाही, आकाश कोरडं, ऊन मे महिन्यासारखं. त्यातच अमावास्येची उधाणाची भरती आली आणि मानशीची एक फळी खालून कुजलेली होती ती गळायला लागली. बांधात खेकड्यांची बिळं तर नेहमीचीच. खारं पाणी आतल्या चरातून चढत चढत वाफ्यांच्या बुडाशी पोचलं. पाऊस थांबला की नदीचं पाणी परत खारं व्हायला लागतं, जुलै-ऑगस्टमध्ये जे जवळजवळ गोडं असतं तेच पाणी जूनच्या अशा उघडिपीत दगा देतं.

काकांना पहिल्यांदा वाटलं पाणी कमी पडतंय, कारण दुपारी पानं सुरळी करून उभी राहायची. म्हणून त्यांनी चरातलंच पाणी वाफ्यांत घेतलं. दोन दिवसांत जुन्या पानांचे शेंडे पांढरट होऊन करपले. मग फोन आला. मीटर वाफ्यातल्या पाण्यात घातला तर ६ च्या वर (डेसीसीमेन प्रति मीटर, आकडा मोठा तेवढं पाणी खारं). भाताचा पुस्तकी हिशेब असा की ३ डेसीसीमेनपर्यंत ठीक, त्यापुढे प्रत्येक एका अंकाला साधारण १२ टक्के उत्पन्न घटतं. तो आकडा मातीच्या अर्काचा आहे आणि माझा मीटर साचलेल्या पाण्याचा, त्यामुळे थेट जुळवायचा नाही, पण अंदाज यायला पुरे. आणि मुख्य म्हणजे वय वाईट होतं. भात उगवताना बऱ्यापैकी मीठ सोसतं, फुटव्यांच्या वेळेलाही सोसतं, पण दोन-तीन पानांचं रोप आणि नंतर पोटरी-फुलोरा ह्या दोन वेळा त्याच्या सगळ्यात नाजूक. नेमक्या पहिल्या वेळेला धरलं.

रोपाच्या आत काय चाललं होतं

हा भाग जरा लांबेल पण पुढचे सगळे निर्णय ह्याच्यावर अवलंबून आहेत.

मिठाचा मार दोन टप्प्यांत बसतो. पहिला टप्पा पाण्याचा. मातीतलं पाणी इतकं खारं होतं की मुळाला ते ओढता येत नाही, म्हणजे वाफ्यात पाणी दिसतंय आणि रोप तहानलेलं आहे. ह्यासाठी मीठ पानापर्यंत पोचायची वाट बघावी लागत नाही, काही मिनिटांत-तासांत ॲब्सिसिक ॲसिड नावाचं हॉर्मोन वाढतं, पर्णरंध्रं मिटतात, पाण्याचा खर्च कमी होतो. काकांनी बघितलेली सुरळी ह्याच टप्प्यातली, तहानेची. हे हॉर्मोन पकडणारी प्रथिनं कोणती ते २००९ मध्ये कळलं, म्हणजे तसं हे सगळं ज्ञान ताजंच आहे.

दुसरा टप्पा सोडियमचा, तो हळू येतो, दिवसांचा खेळ. पाण्याबरोबर सोडियम वर चढत राहतो आणि जुन्या पानांत साठत जातो, पोटॅशियमची जागा घेतो, पान शेंड्याकडून जळतं. भाताच्या मुळात एक कच्चा दुवा आहे, पाणी पेशींच्या आतून न जाता मधल्या फटींतूनही वर जातं आणि त्याबरोबर सोडियम न गाळता सुटतो. मीठ सोसणाऱ्या जाती ह्यावर उपाय करतात. केरळच्या पोक्कालीत पहिल्या गुणसूत्रावर साल्टॉल नावाचा भाग आहे, बंगालच्या नोना बोकरा ह्या जातीतून २००५ मध्ये त्याच भागातला जो जनुक ओळखला गेला तो वर चढणाऱ्या रसातून सोडियम परत बाहेर ओढून घेतो, पानापर्यंत जाऊच देत नाही. बाकी पेशींच्या पातळीवर सोडियम बाहेर फेकणारे पंप असतात, आणि आत पोकळीत कोंडून ठेवणारेही. हे खरे कामगार.

हॉर्मोन म्हणजे दवंडी. गावात दवंडी पिटली म्हणून बांधाचं भगदाड बुजत नाही, माणसं फावडी घेऊन बाहेर पडली तर बुजतं. ज्या जातीकडे पंपच कमी, तिच्यात कितीही हॉर्मोन घाला, मर्यादा तिथेच राहणार. पण दवंडी लवकर पिटली तर माणसं वेळेवर पोचतात, एवढा फायदा नक्की होऊ शकतो.

आता जिबरेलिन, ज्याला सगळे जीए म्हणतात. हे वाढीचं हॉर्मोन. पेशींमध्ये डेला नावाची प्रथिनं वाढीला ब्रेक लावून बसलेली असतात, जीए आलं की ती मोडली जातात आणि वाढ सुटते. मीठ लागलं की रोप स्वतःहून जीए कमी करतं, डेला वाढतात, वाढ थांबते. बघणाऱ्याला वाटतं रोप खुरटलं, आजारी पडलं. खरं तर ते मुद्दाम बसून राहिलंय, खर्च आवरून. अरॅबिडॉप्सिस ह्या प्रयोगशाळेतल्या झाडावर २००६ मध्ये दाखवलं होतं की डेला काढून टाकलेली झाडं खाऱ्यात उलट लवकर मरतात. म्हणजे खुरटणं हाच बचाव.

सॅलिसिलिक ॲसिडचं काम वेगळं. ते भाताच्या पानात मुळातच बरंच असतं. अगदी कमी मात्रेत बियाण्याला दिलं तर पुढे ताण आल्यावर पेशीतली जळजळ आवरणारी एन्झाइम लवकर कामाला लागतात, आणि पोटॅशियमची गळती कमी होते असं प्रयोगांत दिसलंय. मात्रा वाढली की तेच ॲसिड रोपाला मारक ठरतं. बाकी इथिलीन, ब्रासिनोस्टेरॉइड, जास्मोनिक ॲसिड, सायटोकायनिन ही मंडळीही ह्यात आहेत, पण ह्या केसमध्ये त्यांचा संबंध आला नाही म्हणून सोडतो.

कोणते पर्याय होते

संध्याकाळी काकांच्या ओसरीवर बसणं झालं. काका, काकी, पुतण्या, शेजारचे दोघे कसणारे आणि मी. काकांचं म्हणणं साधं, "पाऊस येतलो, गप रवा." पावसाची वाट बघणं हा पर्याय वाटतो तेवढा मूर्ख नव्हता, कारण एक चांगली सर आली असती तर अर्धा तरवा वाचलाच असता.

शेजाऱ्यांचं म्हणणं टँकर आणा, गोडं पाणी सोडा आणि धुऊन काढा. हिशेब केला तर वाफे धुवायला जेवढं पाणी लागेल त्याचा खर्च नवीन बियाण्यापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय मानस गळतेय तोवर आज धुतलेलं परवा परत खारं.

कुणीतरी जिप्सम सुचवलं. हे गोव्यात नेहमी ऐकायला मिळतं. जिप्सम चोपण जमिनीला, जिथे सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलाय आणि सामू (पीएच) वर गेलाय. आमची खाजनं खारवट, आणि बहुतेक ठिकाणी आंबट. इथे मीठ पाण्यानेच जायचं, पोत्याने नाही.

पुतण्याकडे वेगळीच गोष्ट होती. त्याचा एक मित्र घाटावर द्राक्षवाल्यांकडे कामाला, त्याच्याकडून जीएची पुडी आलेली, द्राक्षमणी फुगवायला वापरतात ती. त्याचं लॉजिक ऐकण्यासारखं होतं, आणि अगदीच चुकीचं म्हणता येणार नाही. तो म्हणाला, "काका, कोरगुट मीठ का सोसतं? उंच आहे, जोरात वाढतं, आतलं मीठ पातळ होतं. मग ज्योतीला जीए मारून उंच केली तर?" पोक्कालीसारख्या उंच जातींच्या बाबतीत वाढीमुळे सोडियम पातळ होतो हे खरंच आहे. पण त्या जाती मुळं, पोटॅशियम, सोडियम रोखणं असं सगळं सामान घेऊन वाढतात. ज्योतीला नुसती वाढ दिली तर ती पाणी जास्त ओढणार आणि पाण्याबरोबर मीठही. त्यात आयआर-८ चा बुटकेपणा कशाने येतो? जीए बनवणारा एक जनुक बिघडलेला असल्याने, हे २००२ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे हरितक्रांतीच्या बुटक्या भातांत जीए आधीच कमी, आणि बाहेरून दिलं की ती जात सुटते, थांबत नाही. हायब्रीड भाताचं बियाणं करणारे लोक लोंबी पोटरीतून पूर्ण बाहेर यावी म्हणून मुद्दाम जीए फवारतात, तिथे ते बरोबर आहे. दोन पानांच्या खारवलेल्या तरव्यावर नाही.

हे मी सांगितलं. पुतण्याने मान हलवली. पटलं असं वाटलं.

पाचवा पर्याय काकींनी काढला आणि मला तोच सगळ्यात शहाणा वाटला: हा तरवा गेला असं धरून चालू या, आणि घराकडे विहिरीच्या पाण्यावर नवीन तरवा टाकू या. घराकडची जागा भरड, म्हणजे उंचावरची, मीठ नाही. बियाणं कोणतं, ह्यावर परत चर्चा. मी म्हटलं कोरगुट, नाहीतर ओल्ड गोव्याच्या आयसीएआर केंद्राने कोरगुटमधूनच निवडून काढलेल्या गोवा धान १ किंवा २. पण त्या आठवड्यात हातात काय मिळतं हा प्रश्न होता. घरात ज्योतीचं शिल्लक बी होतं, कोरगुट पलीकडच्या गावातून जेमतेम एका टोपलीएवढं मिळालं. मग ठरलं, ज्योतीच टाकायची पण बियाण्याला सॅलिसिलिक ॲसिडची भिजवण द्यायची, आणि कोरगुट खालच्या तुकड्यासाठी.

ॲसिड कुठून आणायचं ह्यावर शेजारी म्हणाले डोकेदुखीची गोळी विरघळवा, एकच असतं. एकच नसतं. गोळीत असतं ते ॲसिटाइल सॅलिसिलिक, त्यात स्टार्च आणि काय काय मिसळलेलं, आणि मात्रेचा अंदाज कोण करणार.

काय केलं

पहिलं काम मानशीचं. फळी बदलायचा खर्च कुणी करायचा ह्यावर दोन दिवस गेले, कारण मानशीवर मासे धरायचा लिलाव ज्याने घेतलाय त्याला खारं पाणी आत आलेलं चालतंच, मासळी आत येते. कसणाऱ्यांना ते चालत नाही. शेवटी काकांनी आणि शेजाऱ्यांनी गवत, चिखल आणि बांबू घालून फळी तात्पुरती बुजवली. कायमची फळी हंगाम संपल्यावर बसली. माझ्या मते हे दोन दिवस ह्या केसमधला सगळ्यात महाग खर्च.

दुसरं, त्याच दरम्यान पुतण्याने दोन वाफ्यांवर जीए मारलं. कुणाला सांगितलं नाही, सकाळी ड्युटीवर जायच्या आधी. मात्रा किती घेतली ते त्यालाही नीट सांगता आलं नाही, पुडीतलं चिमूटभर दारूत विरघळवून पंपात घातलं म्हणाला.

तिसरं, नवीन तरवा. आधी बी तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाकून पोचट वर आलेलं काढलं, कोकणात करतात तसंच, आणि स्वच्छ पाण्याने दोनदा धुतलं. काकी हसत होत्या, मिठाने छळलं म्हणून परत मिठातच घालतात. मग बियाण्याचे दोन भाग. एक भाग नुसत्या विहिरीच्या पाण्यात, दुसरा सॅलिसिलिकच्या पाण्यात, दोन्ही रात्रभर. मात्रा अर्धी मिलीमोलर ठेवली, म्हणजे लिटरला साधारण ६९ मिलिग्रॅम, दहा लिटरला पाऊण ग्रॅमसुद्धा नाही. एवढं वजन किराणाच्या काट्यावर होत नाही, म्हणून बाजारातल्या ओळखीच्या सोनाराकडे जाऊन तोललं, तो पण चक्रावला. थंड पाण्यात हे ॲसिड लवकर विरघळत नाही, आधी कपभर गरम पाण्यात घोळवून मग बादलीत ओतायचं. भिजवण झाल्यावर बी सावलीत निथळून गोणपाटात मोड आणले आणि वेगवेगळ्या वाफ्यांत टाकलं, मधे काठी रोवून खूण.

नुसत्या पाण्याचा भाग ठेवायचा आग्रह माझा होता. काकांना ते पटत नव्हतं, चांगलं औषध आहे तर अर्ध्याच बियाण्याला का. पण नुसतं पाण्यात भिजवून मोड आणल्यानेही बी एकसारखं आणि लवकर उगवतं, मग पुढे जे चांगलं दिसेल ते ॲसिडमुळे की भिजवल्यामुळे हे कळायला दुसरा रस्ता नाही.

चौथं, पाऊस परत आल्यावर जमीन धुणं. पाऊस आला तेव्हा शेतात पाणी एक-दीड दिवस धरायचं आणि ओहोटीला मानस उघडून सोडायचं, परत धरायचं, परत सोडायचं. वरच्या तुकड्याचा मीटर बघता बघता २ च्या खाली आला. मधला ४ ते ५ मध्ये अडकून राहिला. खालच्या कोपऱ्यात ८ च्या खाली येईचना, तिथे बांधाच्या बुडातून झिरपतंच.

पाचवा निर्णय लावणीच्या वयाचा. खाऱ्यात लहान रोप लावू नये, महिन्याचं झालेलं लावावं आणि एका चुडात एखादं रोप जास्त घ्यावं, हे बरोबर. पण आधीच उशीर झालेला. ज्योती १२० दिवसांची धरली तर फुलोरा सप्टेंबरच्या शेवटाकडे जातो, आणि पाऊस लवकर गेला तर नेमका तो दुसरा नाजूक काळ नदी परत खारी व्हायच्या सुमारास येतो. काकांना तीन आठवड्यांची रोपं लावून वेळ भरून काढायची होती. थोडी खेचाखेच झाली, शेवटी चार आठवडे पूर्ण होऊ दिले. मला हा निर्णय बरोबर वाटला, कारण सप्टेंबरचा धोका कदाचितचा होता आणि मधल्या तुकड्यातलं मीठ समोर मीटरवर दिसत होतं.

काय निघालं

जीएचे दोन वाफे आठवड्याभरात ओळखू यायला लागले. रोपं इतरांपेक्षा कितीतरी उंच, फिकट, लांब लांब पेरांची, बकाने रोगात दिसतात तशी. योगायोग नाही, जिबरेलिनचा शोधच त्या रोगाच्या बुरशीतून लागलेला, १९२६ मध्ये जपानच्या कुरोसावांनी बुरशीच्या अर्काने भात उंच करून दाखवलं होतं. पहिले दोन-तीन दिवस पुतण्या खूश होता, फोटोही पाठवले. मग शेंडे करपणं शेजारच्या वाफ्यांपेक्षा जास्त दिसायला लागलं, रोपं आडवी झाली आणि उपटताना बुडात तुटायची. ते वाफे सोडून द्यावे लागले. शेजारच्या, काहीच न मारलेल्या वाफ्यांत निम्म्याच्या आसपास रोपं टिकली होती, खुरटलेली पण जिवंत, आणि पाऊस आल्यावर त्यांनी नवीन पान काढलं.

जीए वाईट असं मात्र ह्यावरून काढू नका. बियाण्याच्या भिजवणीत अगदी कमी मात्रेत जीए दिलं तर खाऱ्यात उगवण सुधारते असे बरेच प्रयोग आहेत, आणि कारणही समजण्यासारखं आहे, बियाण्यातला स्टार्च फोडणारं एन्झाइम जीएच्या इशाऱ्यावर सुटतं आणि मीठ तो इशारा दाबतं. तेव्हा उगवणीला जीए मदत करू शकतं, उगवून खाऱ्यात अडकलेल्या रोपाला तेच जीए मारतं. हॉर्मोन तेच, वेळ बदलली की काम बदललं.

नवीन तरव्याचं सांगायचं तर वाफ्यात असताना पाण्याचा आणि सॅलिसिलिकचा असा काही फरक डोळ्यांना दिसला नाही. घराकडे मीठच नव्हतं तर दिसणार कसा. लावणीनंतर वरच्या धुतलेल्या तुकड्यातही फरक नाही, दोन्ही छान. मधल्या तुकड्यात मात्र सॅलिसिलिकवाल्या ओळी पहिल्या दोन आठवड्यांत जास्त हिरव्या राहिल्या, मर कमी झाली, नांग्या भरायला कमी रोपं लागली. काका स्वतः म्हणाले ह्या बाजूला काम कमी पडलं. खालच्या कोपऱ्यात ज्योती दोन्ही प्रकारची गेली, भिजवलेली काय आणि न भिजवलेली काय. तिथे फक्त कोरगुट उभं राहिलं, कुठल्याही ॲसिडशिवाय.

ह्या तीन तुकड्यांत मला सगळी गोष्ट दिसते. मीठ कमी होतं तिथे हॉर्मोनची गरज नव्हती, मीठ फार होतं तिथे हॉर्मोन पुरलं नाही, आणि मधे, जिथे पंधरा दिवस तग धरला तर पाऊस बाकीचं करणार होता, तिथे उपयोग झाला. किंवा झाला असं दिसलं. कारण मधल्या तुकड्यात सॅलिसिलिकची रोपं लावली गेली ती वरच्या मेरेच्या (बांधाच्या) बाजूला, आणि पाण्याची रोपं खालच्या बाजूला. लावणीच्या दिवशी बायका ज्या बाजूने सुरू झाल्या त्या बाजूला रोपांची जी मुडी (जुडी) आधी आली ती लागली, एवढंच. वरच्या बाजूला मीठ थोडं कमी असणारच. शिवाय वाचलेला जुना तरवाही मधेमधे घुसला. म्हणून कुणी विचारलं सॅलिसिलिकने किती फायदा झाला, तर मी आकडा देत नाही. मळणीलाही काकांनी वेगवेगळे ढीग केले नाहीत, सगळं एकत्र झोडलं. फुलोऱ्याला पाऊस टिकला, दाणा भरला, आणि घराला उकड्याचे तांदूळ सुटले, म्हणून काका समाधानी.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी मानस. फळी कुजलीय हे मेमध्येच सगळ्यांना माहीत होतं. लिलावाच्या पैशातून दुरुस्ती कधी आणि कुणी करायची हे कुळ संघाच्या बैठकीत पावसाआधी लिहून घेतलं असतं तर ही केसच झाली नसती. हॉर्मोनवर एवढं लिहून हे म्हणतोय, पण खरं तेच आहे.

दुसरं, तरवा खाजनात टाकायची गरज नव्हती. ज्यांच्याकडे घराजवळ गोड्या पाण्याची जागा आहे त्यांनी दोन-तीन पानांचं वय तिथेच काढून द्यावं. काकांचं म्हणणं होतं की वाहतूक वाढते, माणसं मिळत नाहीत. बरोबर आहे, पण शेवटी दुसऱ्या वेळेला तेच करावं लागलं, वर महिना गेला तो वेगळा.

तिसरं, पानं सुरळी झाली तेव्हा चरातलं पाणी वाफ्यात घेण्याआधी जिभेला लावून बघितलं असतं तरी पुरलं असतं. मीटरच पाहिजे असं नाही, जुनी माणसं तसंच करायची, काकांच्या वडिलांनी नक्की केलं असतं.

चौथं पुतण्याबद्दल, आणि इथे मी त्याची बाजू थोडी घेईन. त्याला फवारायचंच होतं तर एक वाफा ठरवून, मात्रा तोलून, सगळ्यांना सांगून फवारता आलं असतं, तेवढी मोकळीक त्याला ओसरीवर मिळाली नाही. "नको" एवढंच सांगितलं गेलं आणि घरातल्या तरुण माणसाला नुसतं नको सांगितलं की तो सकाळी सहाला गुपचूप करतो. दोन वाफे गेले, पण घाटावरची पुडी डोळे झाकून आणायची सवयही त्यांच्याबरोबर गेली असं वाटतंय.

पाचवं, खालच्या कोपऱ्यात ज्योती लावणं म्हणजे रोपं वाया घालवणं होतं. मीटर ८ दाखवत असताना तिथे काकांनी "थोडी लावून बघू" म्हटलं आणि एक दिवसाची मजुरी गेली. तिथे कोरगुट किंवा गोवा धान, नाहीतर काहीच नाही.

पुढच्या सरदीसाठी, म्हणजे पावसाळी हंगामासाठी, ठरलंय ते असं. खालचा तुकडा पूर्ण कोरगुट, बी ह्याच वर्षीच्या लोंब्यांतून काढून ठेवलंय. मधल्या तुकड्यात उतार जसा आहे त्याला आडव्या ओळी न टाकता वरून खाली लांब पट्टे पाडायचे, एक पट्टा पाण्याच्या भिजवणीचा, शेजारी एक सॅलिसिलिकचा, परत पाण्याचा, म्हणजे प्रत्येक पट्ट्याला वरचं आणि खालचं दोन्ही मीठ मिळेल. काकांनी मळणीला ढीग वेगळे ठेवायचं कबूल केलंय, काकींच्या समोर, म्हणून विश्वास ठेवतो. पुतण्याला गोवा धानचं बी मिळवायचं काम दिलंय, ते तो मेच्या आत आणतो का बघायचं, आणि सोनाराने विचारलंय की परत पाऊण ग्रॅमच तोलायचं असेल तर दिवाळीच्या गर्दीत येऊ नका.